सहलीच्या बॅगेतला कॅमेरा: काय घ्यायचं, काय घरी ठेवायचं

कॅमेऱ्याची बॅग भरताना कपाटातल्या सगळ्या लेन्स समोर मांडल्या जातात आणि एकेकीकडे बघून 'लागली तर?' असं वाटत राहतं. या प्रश्नाला 'असू दे' याखेरीज उत्तरच नसतं, आणि बॅग तिथेच जड होते. म्हणून सुरुवात सामानापासून करू नये, फोटोंपासून करावी. या सहलीतून कोणते आठ-दहा फोटो हवेतच, ते कागदावर लिहा. 'निसर्ग' असं मोघम नको. 'पहाटे धुक्यातली दरी', 'बाजारातल्या विक्रेत्याचा चेहरा', 'मुलं पाण्यात खेळताना', 'रात्री दिव्यांत उजळलेला चौक' असं नेमकं लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे त्या फोटोला लागणारी लेन्स लिहा. जी लेन्स एकाही ओळीपुढे आली नाही, ती घरी राहील.

दुसरा पुरावा तुमच्याच जुन्या फोटोंमध्ये आहे. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंथ (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दाखवते तो मिमीतला आकडा), अपर्चर (प्रकाश आत घेणारं लेन्समधलं छिद्र), शटर (प्रकाश किती वेळ आत येतो ते) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) नोंदलेले असतात. लाइटरूम क्लासिक हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर लायब्ररी फिल्टरमध्ये मेटाडेटा उघडून लेन्स आणि फोकल लेंथनुसार आकडे बघता येतात. मागच्या दोन-तीन सहलींतले सगळे फोटो मोजू नका. तुम्ही निवडलेले, छापलेले किंवा कोणाला पाठवलेले तेवढेच मोजा. शंभरात दोन-तीनच फोटो टेलीने (दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सने) काढलेले निघाले आणि या वेळच्या कागदावर पक्षी-प्राणी नसतील, तर निर्णय झालाच.

लेन्सची निवड

पुढचे आकडे फुल फ्रेमचे, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मइतक्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचे आहेत. तुमचा सेन्सर त्याहून लहान, एपीएस-सी असेल तर तुमच्या लेन्सवरच्या आकड्याला १.५ ने गुणा (कॅननला १.६), आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्सला २ ने. म्हणजे एपीएस-सीवरची १६-५० मिमी लेन्स साधारण २४-७५ मिमीइतकं दृश्य दाखवते.

बहुतेक सहलींना दोन लेन्स पुरतात: एक सर्वसाधारण झूम आणि एक मोठ्या अपर्चरची प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंथची लेन्स. झूम २४-७० असो की २४-१०५, दिवसाउजेडी ती कॅमेऱ्यावरून उतरायचीच नाही. फिरताना २४-१०५ एफ/४ (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं अपर्चर मोठं) आम्हाला जास्त सोयीची वाटते, कारण ७० च्या पुढचं थोडं अंतर वारंवार लागतं आणि तेवढ्यासाठी लेन्स बदलावी लागत नाही. तिची उणीव अंधारात दिसते. ती भरून काढायला ३५ किंवा ५० मिमी एफ/१.८ घ्या. हिशेब असा: रात्रीच्या गल्लीत एफ/४ ला आयएसओ ६४०० लागत असेल, तर त्याच शटरला एफ/१.८ वर साधारण १२५० पुरतो. अनेक ५० मिमी एफ/१.८ लेन्स दोनशे ग्रॅमच्या आतच असतात. एवढ्या कमी वजनात एवढा फायदा दुसरी कुठलीच वस्तू देत नाही.

'कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन आहे, मग प्राइम कशाला?' असं विचारलं जातं. स्टॅबिलायझेशनमुळे तुमच्या हाताची थरथर सावरली जाते. समोरचा माणूस हलला तर तो पुसटच येतो. चालत्या माणसाला १/१२५ किंवा १/२५० चं शटर लागतंच, आणि तेवढा प्रकाश अपर्चरमधूनच आत घ्यावा लागतो.

तिसरी लेन्स घ्यायची ती फक्त कागदावरच्या ओळीसाठी. पक्ष्यांसाठी ४०० मिमीपेक्षा कमी घेऊन गेलात तर पदरी बहुधा निराशाच येते. एपीएस-सीवर ७०-३०० घेतली तर टोकाला ४५० मिमीचं दृश्य मिळतं, तेवढ्यावर निभावतं. ७०-२०० एफ/२.८ ही उत्तम लेन्स आहे, पण एक ते दीड किलोची. उन्हात, मोकळ्यावर काढायच्या फोटोंना एफ/२.८ क्वचितच लागतं. अशा वेळी लहान अपर्चरची (एफपुढचा आकडा मोठा असलेली) हलकी टेली-झूम बरी.

अल्ट्रावाइडचा (खूप रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सचा) आग्रह धरण्याआधी फोन बघा. आजच्या फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४-२६ मिमीचा असतो आणि बऱ्याच फोनांत १३ मिमीच्या आसपासचा दुसराही असतो. अरुंद गल्ली, छोटी खोली, उंच छत यांचे दिवसाचे फोटो त्यात चांगले येतात. आकाशगंगा किंवा अंधाऱ्या वास्तूंचे अंतर्भाग काढायचे असतील तरच खरी अल्ट्रावाइड न्या. मॅक्रो लेन्स (बारीक वस्तू जवळून टिपणारी) कागदावर नाव असेल तरच. दुसरी बॉडी, प्रवास फोटोग्राफीसाठीच नसेल तर, नकोच.

वजन घरीच तपासा

निवडलेलं सगळं बॅगेत भरा, पाण्याची बाटलीही घाला आणि एका संध्याकाळी दोन तास चाला. खांदा दुखायला लागला की हात आपोआप एखाद्या लेन्सकडे जातो. तीच काढायची. बॅग वजनकाट्यावरही ठेवा. अनेक विमान कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा ७ किलो असते आणि कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्या हे सगळं केबिनमध्येच न्यायचं असतं.

बॅटरी, चार्जर, कार्ड

तिसऱ्या लेन्सपेक्षा इथे काटेकोर राहणं महत्त्वाचं, कारण बॅटरी संपली की सगळंच थांबतं. मिररलेसला कॅमेऱ्यातली धरून तीन बॅटऱ्या, डीएसएलआरला दोन. व्हिडिओ जास्त काढणार असाल तर आणखी एक. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा. गारठून बंद पडलेली बॅटरी उबेला आली की पुन्हा काही फोटो देते, म्हणून ती लगेच संपली असं समजू नका.

विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. पॉवरबँकही त्यातच धरली जाते. १०० वॅट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंतच्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या परवानगीने नेता येतात. हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ७.२ व्होल्ट, २००० एमएएचची कॅमेरा बॅटरी १४.४ वॅट-अवरची झाली. ३.७ व्होल्टची २०,००० एमएएच पॉवरबँक ७४ ची. पॉवरबँकेवरचा आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. संख्येबद्दल आणि विमानात वापरण्याबद्दल कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, तिकिटाबरोबर तेही वाचा. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांवर प्लास्टिकची टोपी किंवा चिकटपट्टी लावा. किल्ल्या-नाण्यांना टोकं टेकली तर शॉर्ट होऊन बॅटरी तापते.

यूएसबी-सीने चार्ज होणारा कॅमेरा असेल तर वेगळा चार्जर वाचतो, पण खात्री घरीच करा. काही कॅमेरे बंद असतानाच चार्ज होतात, काहींना पॉवर डिलिव्हरीचा (यूएसबी-सीने जास्त वीज देणारा) चार्जर लागतो आणि काही केबल पुरेशी वीज नेतच नाहीत. नेमका तोच चार्जर, तीच केबल लावून एक रात्र बघा. कॅमेऱ्यात एका वेळी एकच बॅटरी चार्ज होते, त्यामुळे तीन बॅटऱ्या असतील तर दोन खाचांचा छोटा चार्जर सोबत असलेला बरा.

कार्डांचा अंदाज असा: २४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) ३० एमबी धरली तर ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास फोटो बसतात. १०० मेगाबिटचा ४के व्हिडिओ सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी खातो. तेच कार्ड ८५ मिनिटांत भरतं. या वेगाला व्ही३० कार्ड (लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला ३० एमबी) पुरतं. ४०० मेगाबिटला व्ही६० लागतं, नाहीतर रेकॉर्डिंग मधेच थांबतं.

रोज रात्री कार्ड एसएसडीवर (छोट्या बाहेरच्या डिस्कवर) उतरवा आणि चार-पाच फोटो उघडून बघा. लॅपटॉप नसेल तर फोनवरूनही जमतं. पण फोनला एकच पोर्ट असतो, त्यामुळे कार्ड रीडर आणि एसएसडी एकत्र लावायला हब हवा आणि काही एसएसडींना त्या हबमधून वेगळी वीज द्यावी लागते. हीसुद्धा घरी करून बघायची गोष्ट. कार्ड घरी पोहोचेपर्यंत फॉरमॅट करू नका, आणि एसएसडी व कार्डं एकाच बॅगेत ठेवू नका.

ट्रायपॉड आणि फिल्टर जोडीने ठरवा

धबधब्याचं पाणी रेशमासारखं दाखवणारा १० स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी गडद काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) १/६० सेकंदाचं शटर सुमारे १७ सेकंदांवर नेतो. एवढा वेळ कॅमेरा हातात धरता येत नाही, म्हणून ट्रायपॉड नसेल तर हा फिल्टरही नको. अनेक संग्रहालयांत आणि जुन्या वास्तूंत ट्रायपॉडला मनाई असते, हेही लक्षात असू द्या. तारे किंवा लांब एक्स्पोजर कागदावर नसतील तर टेबलवर ठेवायचा छोटा ट्रायपॉड पुरे; नाहीतर कठड्यावर कॅमेरा टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा. मोठा न्यायचा ठरलाच, तर त्याची क्विक रिलीज प्लेट (कॅमेरा ट्रायपॉडवर झटकन बसवणारी पट्टी) कॅमेऱ्याला आताच लावा. ट्रायपॉड सोबत आणि प्लेट घरात, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

पोलरायझर फिल्टर पाणी, ओली पानं आणि काच यांच्यावरची चमक कमी करतो. हा परिणाम नंतर संगणकावर नीट साधत नाही, म्हणून तो न्यावाच. एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो. सूर्याशी काटकोनात आकाशाचा रंग सर्वाधिक गडद होतो, पण २४ मिमीहून रुंद लेन्सवर आकाशाचा एकच पट्टा काळा पडतो. सगळ्यात मोठ्या व्यासाच्या लेन्सच्या मापाचा एकच घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा. मात्र रिंग लावल्यावर लेन्सचा हूड (पुढे लावायची सावलीची कडा) बहुधा बसत नाही.

दमट हवा, मीठ, वाळू

एसीच्या खोलीत गार झालेला कॅमेरा उकाड्यात बाहेर आणला की हवेतलं बाष्प त्याच्यावर पाणी होऊन जमतं. पुढची काच पुसून भागत नाही, कारण ते आतल्या काचांवर आणि सेन्सरवरही बसू शकतं. उपाय: खोलीतच कॅमेरा हवाबंद झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, आणि बाहेर आल्यावर पिशवी बंदच ठेवून अर्धा ते एक तास थांबा. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमेल. बर्फातून उबदार खोलीत येताना हेच, फक्त पिशवी बाहेरच बंद करायची. त्याआधी कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, म्हणजे वाट बघायच्या वेळात चार्जिंग आणि कॉपी उरकते. धुकं धरलेल्या कॅमेऱ्याची लेन्स काढू नका, दमट हवा सरळ आत जाते.

समुद्राचे तुषार वाळले की मिठाचे खडे राहतात. कोरड्या कापडाने घासले तर तेच खडे काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर (हवा फुंकणारा रबरी फुगा), मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड, मग कोरडं. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. झूम फिरवताना करकर ऐकू आली की तिथेच थांबा, जोर लावला तर वाळू आणखी आत जाते. यूव्ही फिल्टरचा (लेन्सपुढे लावायच्या पारदर्शक काचेचा) खरा उपयोग अशाच ठिकाणी. पावसासाठी साधी प्लास्टिकची पिशवी घ्या, समोर भोक पाडा आणि ती हूडवर रबरबँडने बसवा.

निघण्याच्या आठवडाभर आधी एफ/१६ ला, फोकस बिघडवून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. त्यात काळपट ठिपके दिसले तर सेन्सर साफ करून घ्यायला अजून वेळ आहे. बॉडी आणि लेन्सच्या सीरियल नंबरांचे फोटो फोनमध्ये ठेवा. आदल्या रात्री कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी सेकंदापर्यंत जुळवा. नाहीतर घरी आल्यावर दोन्हींचे फोटो एकत्र लावताना जेवणानंतरचा फोटो जेवणाच्या आधी येऊन बसतो.