जर्मनीतल्या ९९२ युरोंचा हिशोब

जर्मनीत मास्टर्सला जाताना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, वर्षाच्या खर्चाचे सध्या ११,९०४ युरो भरावे लागतात. त्यातले दरमहा ९९२ हातात येतात. पहिलं काम म्हणजे प्रत्येक किमतीला रुपयांत गुणणं थांबवा, नाहीतर कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेववत नाही.

खरा घोळ भाड्यात होतो. जाहिरातीतलं 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं खोलीचं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा धरून होतं ते 'वार्ममीटे'. तुलना दुसऱ्या आकड्याची करा, आणि त्यात वीज धरलीये का तेही विचारा. बऱ्याचदा नसते. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं असू शकतं. ते ९९२ मधून निघणार नाही, घरून निघतानाच वेगळं ठेवा. रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी! पण ती घरामागे एकच, म्हणून फ्लॅटमेट्समध्ये वाटून घ्या.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी डाळ-तांदूळ भरायचं राहिलं की स्टेशनवरचं महागडं दुकान ठरलेलंच.

पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या टाकू नका. सुपरमार्केटच्या मशीनमध्ये बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. मी दाराआड पिशवी टांगून ठेवायचे. चाळीस बाटल्या झाल्या की दहा युरो, तेवढ्यात कांदे-बटाटे-टोमॅटो सुटायचे.