सोलापुरात अझेलिया: जमिनीत नको, कुंडीतच सांभाळा (पावसाळी सल्ला)

आर्द्रा लागलंय, हवा दमट झालीय आणि फोटो बघून रोपं मागवायची घाई पण याच दिवसांत होते. सध्या बरेच जण पिवळ्या-केशरी, सुवासिक फुलांच्या पानझडी हायब्रीड अझेलियाबद्दल (हे फुलांचं झुडूप) विचारतायत. आधी स्पष्ट सांगतो, आपल्या काळ्या रानात कुठलीच अझेलिया लावू नका, खड्डा कितीही चांगला भरला तरी नको. लोकांना वाटतं ऊन मारतं, पण उन्हाच्या आधी चुना मारतो.

अझेलियाला मातीचा पीएच (सामू) लागतो ४.५ ते ६ आणि आपली जमीन बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास, वर चुनखडी. मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा, फसफसली तर मोकळा चुना आहे, मग गंधक टाकून उपयोग नाही, कारण तयार झालेलं आम्ल चुनाच खाऊन टाकतो आणि पीएच परत तिथल्या तिथं. अशा मातीत लोह असून मुळाला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, उसावर केवडा पडतो तसंच दिसतं.

म्हणून कुंडी, आणि कुंडी पण मातीची किंवा प्लास्टिकची, सिमेंटची अजिबात नको, तिच्यातून चुना सुटत राहतो. मुळं वरच्या वीतभर थरातच पसरतात त्यामुळं खोल कुंडीपेक्षा पसरट घ्या. भरताना दोन-तीन पाण्यात धुतलेलं कोकोपीट, पूर्ण कुजलेला पालापाचोळा आणि परलाइट किंवा भाताचं तूस, बस. रानातली माती, राख, बोनमील, अंड्याची टरफलं यातलं काहीच नको, गुलाबाला घालता म्हणून इथं घालू नका. रोप लावताना मुळांचा गड्डा कडेच्या मिश्रणापेक्षा बोटभर वर ठेवा, खोल गेलं की कुजलं.

आता पाणी, आणि इथंच बहुतेकांचं रोप जातं. बोअरचं पाणी क्षाराचं, महिना-दोन महिने घातलं की चांगल्या मिश्रणाचा पण पीएच वर चढतो. आत्ता पाऊस पडतोय तोवर पत्र्यावरचं पाणी टाकीत धरा, एसीचं पाणी पण चालतं, आरओचं वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार उलट जास्त असतात. बोअरशिवाय सोयच नसेल तर सायट्रिक ॲसिड थोडं थोडं टाकत पीएच पट्टीवर ६ च्या आसपास आणा. प्रमाण मी सांगत नाही, प्रत्येक बोअरचं वेगळं पडतं, ड्रिपमध्ये ॲसिड सोडणाऱ्या बागायतदारांना हे माहीतच आहे. पिवळेपणा आलाच तर चिलेटेड लोह (मुळाला घेता येईल अशा रूपातलं) घेताना ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, ईडीटीए चढत्या पीएचला टिकत नाही. खत म्हणून अमोनियम सल्फेट लिटरला एखादा ग्रॅम, पंधरा-वीस दिवसांनी, आणि एप्रिल-मे मध्ये पूर्ण बंद.

पानझडी जातींचं वेगळं सांगायला पाहिजे. इंग्लंडच्या एक्सबरी जाती थंड हवेच्या, दमट गरमीत टिकत नाहीत. अमेरिकेत अलाबामातल्या मोबील गावच्या युजीन अरोमी यांनी एक्सबरीचा तिथल्या रानटी अझेलियाशी संकर केला आणि गरमी सोसणाऱ्या जाती काढल्या, त्याच हल्ली फोटोत दाखवतात. पण तिथली जमीन आम्लयुक्त, पाऊस आपल्या दुपटीपेक्षा जास्त, आणि जानेवारीत थंडी बऱ्यापैकी पडते. या झाडाची कळी आदल्या उन्हाळ्यात तयार होते आणि उमलायला काही आठवडे १० अंशांच्या आसपास किंवा खाली थंडी लागते. आपल्याकडं जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत पण रात्रीचा पारा साधारण १५ च्या आसपास राहतो, एखादी रात्र खाली गेली तर गेली. म्हणून या जातींच्या भरवशाच्या फुलांची आशा सोलापुरात धरू नका, नर्सरीवाल्यांनी पण गिऱ्हाईकाला हे आधीच सांगावं. आणि डाळिंबवाल्यांनो, पानं गाळते म्हणून हिला बहाराचा ताण देऊ नका. डाळिंब पाणी तोडल्यावर पानगळ करून फुटतं, ही पाणी तोडलं की मरते, हिला थंडी पाहिजे, तहान नाही. हौस असेल तर कायम हिरवी राहणारी, कुंडीतली बुटकी अझेलिया घ्या, सकाळचं दहापर्यंतचं ऊन आणि नंतर ५० ते ७५ टक्के शेडनेट द्या, पश्चिमेची भिंत टाळा. छाटणी करायची तर फुलं संपल्या संपल्या, आता जुलैत कात्री लावली तर पुढची फुलं कापली.

जुलै ते ऑक्टोबर मूळकूज सांभाळा. मिश्रण ओलं असून झाड मान टाकतंय तर पाणी अजून घालू नका, मूळ ओढून बघा, साल निसटून आतला दोरा राहिला तर मूळ कुजवणारा फायटोफ्थोरा रोग आहे. तसं झाड वेगळं काढा, बाकीच्या कुंड्यांना मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची आळवणी लेबलवरच्या प्रमाणात करा, तळाची भोकं मोकळी ठेवा, कुंडी विटांवर उचलून ठेवा.

शेळ्या-मेंढ्या असतील तर कुंड्या कुंपणाच्या आत ठेवा आणि छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नका, पुरून टाका. अझेलियाचं पान विषारी असतं, थोडं खाल्लं तरी जनावर लाळ गाळतं, ओकतं, झोकांड्या खातं, असं दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.