११० सीसी स्कूटरला मोठा ब्लॉक बसवताना: किट कसं निवडावं, कुठे फसतं

कुंभार्ली किंवा आंबा घाटात दोघं बसलेली आणि पुढे सामान घेतलेली स्कूटर दम टाकायला लागली की मोठ्या ब्लॉक-पिस्टनचा विचार सुरू होतो (ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर; ब्लॉक, पिस्टन, रिंगा असा संच म्हणजे किट). किट मागवण्याआधी डावीकडचं क्लच कव्हर उघडा. बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. बेल्टच्या पुढच्या पुलीतले वजनाचे रोलर बाहेर काढून जमिनीवर गडगडवा. एका बाजूने चपटे झालेले रोलर अडखळत जातात. क्लच शू (क्लचचे घासून पकडणारे पॅड) काचेसारखे चकाकत असतील तर ते चढावर घसरतात. एअर फिल्टर जांभ्याच्या तांबड्या धुळीने बुजलेला असेल तर तोही बदला. बऱ्याच गाड्यांचा चढ एवढ्यावरच सुधारतो आणि इंजिनाला हात लावायची वेळ येत नाही.

एवढं करूनही गाडी कमी पडत असेल तर आधी आपल्या इंजिनाची मापं माहीत करून घ्या. ‘११० सीसीचं किट’ अशी वस्तू मागू नका, कारण ११० सीसी म्हणून विकली जाणारी इंजिनं आतून वेगवेगळी आहेत. जुन्या ११० ॲक्टिव्हाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५५.६ मिमी. बीएस-६ (प्रदूषणाचा नवा निकष, त्याआधीचा बीएस-४) ॲक्टिव्हाचा बोअर ४७ आणि स्ट्रोक ६३.१. बीएस-४ पर्यंतच्या ज्युपिटरचा बोअर ५३.५ आणि स्ट्रोक ४८.८. म्हणजे एका गाडीला जो पिस्टन ‘मोठा’, तो दुसरीचा मूळचाच. हिशेब सोपा आहे: बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४, भागिले १०००. ४७ च्या जागी ५० मिमी बसवला तर १०९.५ चे जवळपास १२४ सीसी होतात, म्हणजे सुमारे १३ टक्के वाढ. ५२ मिमी घातला तर १३४ सीसी.

आमचं मत स्पष्ट आहे: घाटासाठी १० ते १५ टक्के वाढ पुरे. त्यापुढे क्रँक, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, बेल्ट आणि पंख्यावर चालणारं कूलिंग, सगळ्यांवरच ताण येतो. आणि हे सगळं मूळ ताकदीच्या हिशेबाने बनवलेलं असतं.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. आरसीवर सीसी नोंदलेली असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे ती नोंद आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. तेव्हा आधी आरटीओत विचारा. मंजुरी नसेल तर ती गाडी रस्त्यावर आणू नका.

किट निवडताना सगळ्यात महत्त्वाचं माप बोअरचं नाहीच. ब्लॉकच्या खाली जो लायनर (ब्लॉकच्या आतली नळी, जिच्यात पिस्टन फिरतो) बाहेर आलेला असतो, तो क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, तोंडात बसतो. किटच्या लायनरचा बाहेरचा व्यास त्या तोंडापेक्षा मोठा असेल तर केस कापावी लागते. म्हणजे पूर्ण इंजिन खोलायचं, क्रँक काढायचा, केस मशीनवर चढवायची. कापताना भिंत पातळ झाली की गॅस्केटची बैठक जाते आणि तेल झिरपायला लागतं. रोजच्या वापराच्या स्कूटरला हे किट घेऊच नका. केस न कापता सरळ बसणारंच घ्या.

पाठोपाठ गजन पिनचा (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचा) व्यास, ब्लॉक धरणाऱ्या स्टडमधलं अंतर, ब्लॉकची उंची आणि पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. शेवटचं माप अर्धा मिलिमीटर जास्त निघालं तरी पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला भिडू शकतो. हेड गॅस्केट किटसोबत नव्या बोअरचंच आलं पाहिजे. जुनं ४७ चं गॅस्केट ५० च्या बोअरवर ठेवलं तर त्याची कड आत डोकावते, लाल होते आणि जळते.

कॉम्प्रेशनचा हिशेब विक्रेता सांगत नाही, तो आपण करायचा. समजा मूळ प्रमाण १० ला १ आहे. १०९.५ भागिले ९ म्हणजे हेडमधली जागा साधारण १२.२ सीसी. तेच हेड ठेवून १२४ सीसी केले की प्रमाण ११.२ च्या आसपास जातं. साध्या पेट्रोलवर, भर दुपारी, ओझं घेऊन चढ चढताना इंजिन खणखणायला लागतं (इंधन वेळेआधी पेटून ठोके पडतात). बीएस-६ च्या आवाज न करणाऱ्या स्टार्टरलाही एवढा दाब फिरवणं जड जातं. म्हणून माथ्याला सुमारे दीड सीसीची खोलगट वाटी असलेला पिस्टन बघा. फुगीर माथ्याचा नको.

लायनर बिडाचा असेल तर पुढे झिजल्यावर पुन्हा बोअर करता येतो, म्हणजे आतून थोडा मोठा कापता येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगची (होनिंग म्हणजे कापलेली भिंत दगडाने घासून नीट करणं) कामं होतात. सिरॅमिक लेपाचा अॅल्युमिनियम ब्लॉक उष्णता लवकर सोडतो, पण झिजला की साध्या मशीनवर बोअर होत नाही.

बिडाच्या ब्लॉकचा आपल्याकडचा शत्रू म्हणजे खारी हवा. मालवण-गुहागरच्या बाजूला कोरडा लायनर उघडा राहिला तर दुसऱ्या दिवशी तांबूस झालेला दिसतो. होनिंगनंतर ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने ब्रश मारून धुवा. पांढरं फडकं आतून फिरवा. ते काळं निघतंय तोवर धुणं संपलेलं नाही, कारण होनिंगची तीच बारीक कणी रिंगा खाते. फडकं स्वच्छ निघालं की लगेच इंजिन ऑइलचा हात फिरवा.

सायलेन्सरचे स्टड गंजलेले असणारच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर ते हेडमध्येच तुटतात. हेड काढण्याआधी टायमिंगच्या खुणा जुळवा आणि टायमिंग चेन तारेने बांधा. क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबल्याशिवाय सर्क्लिपला (गजन पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कडीला) हात लावू नका. सर्क्लिप नवीनच घाला. रिंग मोकळी ब्लॉकमध्ये टाकून पिस्टनने दोनेक सेंटिमीटर खाली सरकवा आणि फीलर गेजने फट बघा. ५० मिमीला साधारण ०.२० मिमी ठीक. ०.१० पेक्षा कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि ब्लॉकला चरे पडतात. पिस्टन आणि भिंतीतली जागा ०.०३ ते ०.०५ मिमी असावी. पिस्टनवरची इनटेकची खूण इनटेकच्या बाजूलाच. हेडचे नट तिरके, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. पंख्याची प्लॅस्टिकची आवरणं आणि त्यांचे रबर पूर्ण बसवा. एक तुकडा राहिला तर हवा बाहेरच्या बाहेर निघून जाते आणि इंजिन तापून पकडतं, म्हणजे जाम होतं.

पेट्रोलचं गणित चुकलं तर बाकी सगळं वाया. कार्बोरेटर असेल तर मेन जेट (पेट्रोल सोडणारी मुख्य भोकाची नळी) सुमारे ५ टक्के मोठा लावून सुरुवात करा. बीएस-६ मध्ये पूर्ण रेस दिल्यावर ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर) मूळ ब्लॉकसाठी भरलेल्या आकड्यांवर चालतो, सेन्सर सगळं सांभाळून घेईल ही आशा धरू नका. ईसीयूचं मॅपिंग बदलणारा माणूस हाताशी नसेल तर इंजेक्शनच्या गाडीला किट घेऊ नका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला मुळात जास्त इंधन लागतं, हेही त्यात धरा.

पहिले ५०० किलोमीटर एकट्याने, निम्म्या-पाऊण रेसवर चालवा, पण एकाच वेगाला धरून नको. आरे-वारेसारखा चढ-उताराचा किनारी रस्ता यासाठी उत्तम: छोट्या चढावर रिंगांवर दाब येतो, उतारावर रेस सोडली की त्या तेल ओढून घेतात. लांब घाट तेवढा टाळा. साधं मिनरल ऑइल वापरा. ५० किलोमीटरला एकदा आणि ३०० ला पुन्हा बदला. ५०० ला इंजिन थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा. मग एका चढावर पूर्ण रेस देऊन, गाडी सुरक्षित बाजूला घेऊन लगेच बंद करा आणि प्लग काढून बघा. फिकट बदामी असेल तर जमलं. खडूसारखा पांढरा असेल तर इंधन कमी पडतंय, त्या गाडीने घाट चढू नका. काळी काजळी असेल तर जेट एक नंबर खाली आणा. रोलरचं वजन यानंतरच बदलायचं, एका वेळी एकेका ग्रॅमने.