पहिल्या हिवाळ्यात मी अकरा बीव्हर वाया घालवले

फरसाठी जनावरं सापळ्यात धरायचा चाळीस तासांचा कोर्स झाला, परवाना हातात आला आणि कॅनडातल्या उत्तर ओंटारिओतला कुणी लाईनवाला (ठरलेल्या पट्ट्यात सापळे लावणारा) तुम्हाला हाताखाली घ्यायला तयार झाला, तिथून पुढचं सांगते. 330 चा सापळा (बीव्हरला, म्हणजे पाण्यात बांध घालणाऱ्या मोठ्या उंदीरवर्गीय प्राण्याला, दाबून मारणारा) केवढा असतो, मार्टेनची (मुंगसासारखा फरवाला प्राणी) सापळ्याची पेटी कलत्या खांबावर का बसवतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. आणि ज्यांना हे शिकून गावी काही करायचं आहे त्यांनी इथेच थांबावं. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, थेट तुरुंग. मी जुन्नरची. आमच्याकडे पिंजरा म्हटलं की बिबट्या, वनखातं आणि बघ्यांची गर्दी, एवढंच.

सगळ्यांना भीती वाटते बर्फाची आणि सापळ्याची. वाटलीच पाहिजे. बीव्हरच्या घराजवळ आणि त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बर्फ पातळ असतो, आजूबाजूला ट्रक उभा राहील इतका जाड असला तरी. आणि 330 एकदा हातावर मिटला की दुसऱ्या हाताने एकट्याने उघडत नाही. खिशात दोरी ठेवा, स्प्रिंगच्या कड्यांतून ओवून पायाने ताण द्यायचा सराव घरात करा. हे कोर्समध्ये सांगतात, तुम्ही ऐकता, म्हणून सहसा वाचता.

मला जे नडलं ते मात्र कुणालाच धोक्याचं वाटत नाही. वाळवणं.

डिसेंबर होता, बाहेर उणे तीस. आबांची शेड भरलेली होती. (आबा म्हणजे माझे गुरू, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, अनिशिनाबे आहेत; मी मनातल्या मनात आबा म्हणते.) मी म्हटलं, माझी अकरा कातडी मी घरी नेते. तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी, कातडी ठोकलेल्या फळ्या उभ्या केल्या. खरवडून झालंय असं मला वाटत होतं. पायांच्या भोकांभोवती आणि कडेला थोडी चरबी होती, म्हटलं वाळली की निघेल. ज्याला आठवडा लागायला हवा ते दोन दिवसांत खडखडीत वाळलं. सोनेरी, गुळगुळीत. मी फोटो काढून जुन्नरला बहिणीला पाठवले!

फेब्रुवारीत कातड्यांची प्रत ठरवणारा, माल बघणारा आला. त्याने पहिल्या कातड्याचा कोपरा धरून हलकेच वाकवला आणि खट्. भाजलेला पापड मोडतो तसा. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याची लव चिमटीत धरली तर चिमटीतच आली. त्याने अकराही बाजूला ठेवली आणि काही न बोलता पुढच्या ढिगाकडे वळला.

काय होतं ते नीट समजून घ्या. बीव्हरच्या कातड्यात चरबी भयंकर. उष्णता लागली की ती लोणी कढवल्यासारखी वितळते आणि बाहेर न येता आत मुरते. आतले धागे त्या तेलात अक्षरशः शिजतात. शिजलेलं कातडं कमावताना मऊ होत नाही, चिरतं. आणि वरून बघून यातलं काही कळत नाही, उलट ते चांगल्या कातड्याहून देखणं दिसतं. म्हणून पुन्हा सांगते: भट्टीजवळ नाही, स्टोव्हजवळ नाही, खिडकीतल्या उन्हात नाही. साधारण पंधरा अंशांची खोली, हवा खेळती, पंखा असला तर तोंड भिंतीकडे. फळीवर ठोकल्यावर पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ फडक्याने तेल टिपा. बोट फिरवा. बोट तेलकट झालं तर अजून चरबी आहे, खिळे काढा आणि पुन्हा खरवडायच्या ओंडक्यावर घ्या. हो, पुन्हा. हात भरून येतात, मान धरते, मी दोनदा रडले आहे. पण दुसऱ्या हिवाळ्यात माझं एकही कातडं परत आलं नाही, आणि मी काही फार हुशार बाई नाही. जमतं.

प्रेशर वॉशरने चरबी उडवायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. काही जुने लोकही तसं करतात. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं नको. कातडं कुठे पातळ आणि कुठे जाड हे सुरीनेच कळतं, पाण्याच्या फवाऱ्याने नाही. गुरूबद्दलही तेच. पहिल्या दिवशी जो सापळा हातात देतो त्याच्यापासून लांब राहा. आबांनी मला महिनाभर फक्त सुरी दिली होती, आणि मला तो अपमान वाटला होता.

पैशाचं स्पष्ट बोलते. यावर घर चालत नाही. 2019 मध्ये टोरंटोचं मोठं फरचं लिलावघर कर्जात बुडालं, तेव्हा आबांच्या ओळखीतल्या अनेकांचे पैसे अडकले. आता आम्ही माल ओंटारिओतल्याच नॉर्थ बेच्या लिलावघराला पाठवतो. फरचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी 1670 मध्ये याच बीव्हरवर उभी राहिली असली, तरी तुमच्या ट्रकचं पेट्रोल त्यातून सुटेलच असं नाही. मोऱ्या तुंबवून रस्ते बुडवणारे बीव्हर काढायला नगरपालिका पैसे देतात, ते काम नक्की धरा.

आणि मारण्याबद्दल. कॅनडाने 1997 मध्ये युरोपीय संघाशी केलेल्या करारात, सापळ्यात सापडलेला प्राणी किती वेळात बेशुद्ध झाला पाहिजे याची मर्यादा आहे: मार्टेनसाठी 120 सेकंद, बीव्हरसाठी 300. घड्याळ लावून तीनशे सेकंद शांत बसून बघा, मग ठरवा. किती प्राणी धरायचे याचा कोटा आहे, मार्टेनची धडं सरकारी अधिकाऱ्यांना तपासायला देतो. त्यात प्रौढ माद्या वाढल्या आणि पिल्लं कमी झाली की आबा अधिकाऱ्यांच्या आधी सापळे उचलतात. हे सगळं मला पटतं. तरी आईला मी अजून "जंगलखात्याचं काम" एवढंच सांगितलंय.

त्या अकरातलं एक आबांनी शेडच्या दारामागे टांगून ठेवलंय. नवीन माणूस आला की आधी ते वाकवायला देतात. यंदाच्या मुलाला दिलं तेव्हा मोडायला जेमतेम एक कोपरा उरला होता.