नवे ओटो मासे आठवड्यात मरतात, ते मरणं कसं थांबलं

ओटोसिंक्लस (ओटो), म्हणजे टाकीत पाळायचे शेवाळ खाणारे छोटे मासे, बहुतेक दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडून आणलेले असतात. प्रवासात उपाशी राहतात, म्हणून मरतात ते मुख्यतः भुकेने. दुकानात पोट बघा: खपाटीला गेलेला मासा घेऊच नका. काचेला चिकटलेला, गोल पोटाचा घ्या. निदान सहा.

टाकी तीन महिने चाललेली हवी. चकचकीत नव्या टाकीत त्यांना खायला काहीच नसतं. मासे आणण्याआधी दोन आठवडे, टाकीच्याच पाण्यात गोटे घालून बरणी खिडकीच्या उन्हात ठेवली की गोट्यांवर शेवाळ धरतं. ते आळीपाळीने टाकीत सोडायचे. हा उपाय सगळ्यात कामी आला.

मासे सोडताना आधी ते पिशवीतल्या पाण्यासकट भांड्यात ठेवा; एअर पंपाच्या नळीला गाठ मारून टाकीचं पाणी त्यात सेकंदाला दोन थेंब, दीड तास पडू द्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. दिवे बंद.

दुधीची चकती तीन मिनिटं उकळून, गार करून, दगडाला बांधून रात्री त्यांना खायला टाकीत ठेवा; सकाळी काढाच, नाहीतर पाण्यात विषारी अमोनिया वाढतो.

नळाच्या पाण्याला क्लोरीन काढणारं औषध हवंच. ठाण्याच्या मे महिन्यात पाणी सहज तिशीपार जातं आणि त्यातला ऑक्सिजन घटतो. झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, एअर पंप रात्रभर चालू ठेवा.