घरच्या दुखण्याखुपण्याची वही कशी ठेवायची (बोटीवरच्या फिलिपिनो मंडळींकडून शिकलेली रीत)

मी बोटीवर असतो, गाव गुहागर तालुक्यात, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर जातात. घरी आई आणि वहिनी, दादा मुंबईला. आईला बीपी आहे, शुगर आहे आणि गुडघ्यांचं तर विचारूच नका. पूर्वी फोन लागला की मी विचारायचो कशी आहेस, ती म्हणायची बरी आहे, मागून वहिनी ओरडायची बरी कुठली, चार दिवस चक्कर येतेय. कधीपासून गो? परवापासून. अगं आत्ता चार दिवस म्हणालीस ना? मग नेटवर्क जायचं. आता तीनेक वर्षं आमच्याकडे एक दोनशेपानी वही आहे आणि हा गोंधळ बऱ्यापैकी थांबलाय, म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं, कारण कोकणात निम्म्या घरांत म्हातारी माणसं गावाला आणि पोरं मुंबईला नाहीतर परदेशी, सगळ्यांची कथा हीच.

रीत माझी नाही. बोटीवर आमच्यासोबत फिलिपिनो भरपूर असतात आणि ही माणसं तब्येतीवर आपल्यासारखीच तासन्‌तास बोलतात, प्रत्येकाच्या केबिनमध्ये एफिकॅसेंट ऑइलची बाटली, आपल्याकडे बाम असतो तशी. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, इलोइलोचा, पन्नाशीचा, सगळे त्याला कुया म्हणायचे, कुया म्हणजे आपला दादा. एकदा सकाळी हा डेकवर उभा आणि हात थरथरतायत, तळवे ओले, बोटांना मुंग्या. विचारलं तर म्हणाला, पास्मा. म्हणजे काय तर काम करून तापलेल्या अंगाला लगेच गार पाणी लागलं की शिरा बिघडतात, म्हणून तिकडे इस्त्री केल्यावर, कपडे धुतल्यावर लगेच हात धुवू देत नाहीत. आपली आजी नाही का सांगायची, उन्हातून आलास, लगेच माठातलं पाणी घेऊ नको, तशातलाच प्रकार.

बोटीवर डॉक्टर नसतो, औषधपाण्याचं बहुतेक वेळा सेकंड ऑफिसर बघतो. आमचा सेकंडही फिलिपिनोच. मला वाटलं हसेल, पण तो हसला नाही, कागद घेतला आणि पहिल्या ओळीत लिहिलं, पेशंटच्या शब्दांत: पास्मा. मग खाली एकेक विचारत गेला. कधीपासून, कुठला हात, जेवणाआधी की नंतर, रात्री लघवीला किती वेळा उठतोस, तहान कशी आहे. चार-पाच वेळा उठतो म्हणाला. बोटाला सुई टोचून शुगर बघितली तर ३१८, म्हणजे भलतीच वाढलेली. मग सगळं लिहून रोमला पाठवलं, तिथे सीआयआरएम म्हणून केंद्र आहे, १९३५ पासून कुठल्याही देशाच्या बोटीला फुकट वैद्यकीय सल्ला देतं. तिथल्या डॉक्टरांना माणूस दिसत नाही, फक्त तुम्ही काय लिहिलंय ते दिसतं. त्यामुळे 'पोटात दुखतंय' लिहून भागत नाही, ताप किती, नाडी किती, कधी सुरू झालं, काय दिलं, किती वाजता दिलं, सगळं लागतं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आईच्या बाबतीत मी पण रोमचा डॉक्टरच आहे की, मला तरी कुठे ती दिसते.

तर आता वही कशी करायची ते सांगतो.

उघडलेल्या वहीचं डावं पान आणि उजवं पान वेगळं ठेवायचं. डाव्या पानावर फक्त जे झालं ते: तारीख, वेळ, दुखणाऱ्या माणसाचे शब्द जसेच्या तसे, मग आकडे. उजव्या पानावर बाकी सगळं, म्हणजे कोण काय म्हणालं, काय उतारा केला, कुणाला काय वाटतं. हे दोन एकत्र झालं की वही फुकट.

माणसाचे शब्द का, तर कुयाचंच बघा, सेकंड जर म्हणाला असता पास्मा-बिस्मा काही नसतं, तर कुयाने पुढचं रात्री उठण्याचं सांगितलंच नसतं. आपल्याकडे तर दुखण्याला किती शब्द आहेत, कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा, कसकस वेगळी, आणि आपण लिहिताना सगळ्याचं 'पेन' करून टाकतो. आई म्हणते डोकं बोटीत बसल्यासारखं होतं, तर तेच लिहा. चिपळूणच्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि लगेच विचारलं, उठताना होतं की आडवं असताना? म्हणजे त्या शब्दाचा उपयोग झाला.

एक पान जसंच्या तसं देतो, वहिनीच्या अक्षरातलं:

१४ जुलै, सकाळी ६.२०. आई म्हणते बोटीत बसल्यासारखं, खाटेवरून उठताना भिंत धरली. चहा झाला नव्हता. बीपी बसून १०२/६४. शुगर ९६. रात्री पेज अर्धी वाटी, लोणचं. गोळ्या काल रात्री ८ ला, पांढऱ्या पट्टीतली १, निळ्या पट्टीतली १.

आता मजा बघा. निळी पट्टी नवीन होती. आधीची संपत आली म्हणून दादाने दुकानातून आणली, दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली, आणि आईला वाटलं हे नवीन औषध वाढवलंय. दोन्हीत टेल्मिसार्टनच, म्हणजे बीपीचं एकच औषध. नऊ दिवस माऊली डबल डोस घेत होती. ते सापडलं कसं, तर मी बोटीवरून सांगितलं दोन्ही पट्ट्यांच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वहीत उतरव, तर दोन ओळी सेम टू सेम. डॉक्टरांना फोन केला, एक बंद झाली, आठवड्याने आईच्या डोक्यातली बोट थांबली.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर औषधांची नावं लिहायची ती कंपनीची नाही, औषधाची. फिलिपिन्समध्ये १९८८ पासून कायदाच आहे, डॉक्टरने चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायलाच पाहिजे. तरी बोलताना ते लोक पॅरासिटामॉलला बायोजेसिकच म्हणतात, जसे आपण क्रोसिन म्हणतो, सवय कुठली जातेय. पण लिहिताना मूळ नाव, ताकद किती मिलिग्रॅम, कधी आणि कशासाठी. सर्दीच्या गोळ्यांच्या मागे पण बघा, बऱ्याचशा गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच आणि आपण वरून तापाची वेगळी घेतो. नाव वाचता येत नसेल तर पट्टीचा रिकामा तुकडा कापून पानाला डिंकाने चिकटवा, वहिनी तेच करते.

झाडपाल्याचं काय लिहायचं

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे आपण आणि ते लोक एकदम जवळ येतो. त्यांच्या आरोग्य खात्याने १० वनस्पतींची यादी केलीय, तपासून मान्य केलेली. त्यातल्या निम्म्या आपल्या परसात आहेत. आम्पालाया म्हणजे कारलं, बायाबास म्हणजे पेरू (पानं उकळून त्या पाण्याने जखम धुतात), बावांग म्हणजे लसूण, नियोग-नियोगान म्हणजे आपली मधुमालती. आणि लागुंडी. एकाने फोनवर फोटो दाखवला, पाच बोटांसारखी पानं, निळसर फुलं, म्हटलं अरे ही तर निर्गुंडी, आमच्या कुंपणाला आहे! आमच्याकडे तिचा पाला गरम करून गुडघ्याला बांधतात. तो म्हणाला गुडघ्याला कशाला, ती खोकल्याची. तिकडे लागुंडीच्या गोळ्या आणि सिरप सरळ औषधाच्या दुकानात मिळतं.

झाड एक, काम दोन. म्हणून 'निर्गुंडी केली' एवढं लिहून कुणालाच काही कळत नाही. कुठला भाग, किती, वाफवला की उकळला की वाटला, लावला की पोटात घेतला, किती दिवस, आणि चालू गोळ्यांपैकी काही बंद केलं का, हे सगळं पाहिजे. शेवटचं फार महत्त्वाचं. शुगरवाली माणसं कारल्याचा रस सुरू करतात आणि गोळी गुपचूप सोडतात, आमच्या वाडीत तीन तरी आहेत. हे सगळं उजव्या पानावर जातं, पण डॉक्टरला दोन्ही पानं दाखवायची, लाजायचं नाही. डॉक्टर ओरडतात काही वेळा, ओरडू देत.

आणि एक सुंदर गोष्ट तिकडची. फूड सप्लिमेंटच्या डब्यावर आणि जाहिरातीत त्यांना त्यांच्याच भाषेत छापावं लागतं की हे औषध नाही, कुठल्याही आजारावर उपचार म्हणून वापरू नये. मी वहिनीला सांगितलंय, कुणी नातेवाईक दीड हजाराचा पावडरीचा डबा आणून दिला की वहीत त्याच्या पुढे लाल पेनने तेवढंच लिहायचं, हे औषध नाही. नातेवाईक बघत असेल तरी.

दृष्ट लागल्याचं पण लिहा. खरंच. त्यांच्याकडे उसोग असतं, परका माणूस बाळाचं कौतुक करून गेला की बाळ रडतं, पोट फुगतं, मग त्याच माणसाने थुंकीचं बोट बाळाच्या पोटाला लावायचं. आपण मीठ-मोहऱ्या उतरवतो. वहीत काय लिहायचं तर मोहऱ्या किती वाजता उतरवल्या आणि त्यानंतर बाळाने दूध कधी घेतलं, शी-शू कधी केली. दूध घेतलं नसेल तर मोहऱ्या उतरवून झाल्यावर थांबायचं नाही, गाडी काढायची.

पावसाळ्याची पानं

जून ते ऑक्टोबर वहीत एक रकाना जास्त पाडा: आज चिखलात, साचलेल्या पाण्यात कोण उतरलं, पायाला जखम होती का.

कारण सांगतो. २००९ च्या सप्टेंबरात मनिलात ओन्दोय नावाचं वादळ आलं, सगळं शहर पाण्यात, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोची, म्हणजे उंदरा-गुरांच्या मुतातून चिखलपाण्यात येणाऱ्या तापाची साथ आली. आमच्या इंजिन रूममधल्या एका पोराचं घर तेव्हा बुडालं होतं. त्याने सांगितलं तिकडे पूर आला की आरोग्य केंद्रातून लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात आणि लोकांना ते नाव तोंडपाठ झालंय. मला २२ जुलै २०२१ चं चिपळूण आठवलं, पहिला मजला बुडालेला बाजार आणि नंतर आठवडाभर अनवाणी चिखल काढणारी माणसं. आणि आपल्याकडे पुराची वाट कशाला बघायची, लावणीला माणूस दिवसभर घोटाभर चिखलातच असतो, तिथेच उंदीर, तिथेच गुरं.

लेप्टो त्या दिवशी येत नाही. साधारण आठवडा ते दोन आठवड्यांनी ताप येतो, कधी त्याहून उशिरा, आणि तोवर माणूस चिखल विसरलेला असतो, लावणीच्या दमणुकीने ताप आलाय म्हणून गोळी घेऊन झोपतो. वहीत तारीख असेल तर तापाच्या दिवशी मागची पानं उलटायची आणि डॉक्टरला आधी तेच सांगायचं. ताप, पोटऱ्या पिळवटल्यासारख्या दुखणं, डोळे लाल, लघवी कमी, हे दिसलं तर वहीत लिहीत बसू नका, जाताना रिक्षात लिहा. डॉक्सीच्या गोळ्या पण स्वतःच्या मनाने नाही, आशाताईंना, उपकेंद्रात विचारून. दोडामार्ग बाजूची मंडळी असाल तर रानात कधी गेलात, अंगावर गोचीड सापडली का, तेही लिहा, गोचिडीतून येणारा माकडताप तिकडे २०१६ पासून माहितीचा आहे.

ऐकीव गोष्टींसाठी वहीच्या मागून पानं सुरू करा, उलट्या बाजूने. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं. हा नियम मी केला तो फिलिपिनो सेकंडच्या बायकोची हकीकत ऐकून, ती नर्स. २०१६ ला तिकडे शाळांमधून डेंग्यूची लस दिली, आठ लाखांवर मुलांना. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात लस बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना नंतर डेंग्यू झाला तर तो जास्त जोराचा होऊ शकतो. म्हणजे गोष्ट खरी होती, पण एका लसीबद्दल आणि काही मुलांबद्दल. ती तोंडातोंडी फिरत फिरत 'लस वाईट' एवढीच उरली, आया गोवराच्या लसीलाही पोरं आणेनात, आणि २०१९ ला गोवराची मोठी साथ आली. त्याच वर्षी १९ वर्षांनी पोलिओ परत सापडला. बाकीही कारणं असतील, पण ती म्हणायची लोक दारातूनच परत पाठवायचे. म्हणून पुतणीच्या लसीचं कार्ड आम्ही वहीच्या कव्हरला आतून चिकटवलंय आणि लसीबद्दल कुणी काही सांगितलं तर ते मागच्या पानात, नावासकट. नाव लिहितो म्हटल्यावर निम्मे लोक म्हणतात नको, मला नक्की माहीत नाही.

जेवणाचं फार ताणू नका, दोन दिवसांत कंटाळा येतो. तब्येत बिघडली असेल तेव्हाच लिहा आणि वाटी-चमच्यात लिहा. फिलिपिनो आजारी पडले की लुगाव खातात, आलं घातलेली भाताची पेजच ती, आणि बरोबर सुकी खारी मासळी. आपण पेजेबरोबर सुकट भाजतो. बीपीवाल्याच्या पानावर पेज लिहिली जाते आणि सुकट लिहायची राहते, वहिनीला मी दोनदा पकडलंय.

वहीचा फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे एकदा चुकून गेला, आईचं शुगरचं पान, संध्याकाळपर्यंत चार जणी मेथीचे दाणे घेऊन दारात. मला मात्र दर रविवारी डाव्या-उजव्या दोन्ही पानांचा फोटो येतो, नेटवर्क असेल तेव्हा उघडतो.

राहता राहिलं वहीचं स्वतःचं आरोग्य. जेल पेन वापरू नका, श्रावणापर्यंत सगळं निळं पसरतं, साधं बॉलपेन घ्या. पडवीत ठेवू नका, बुरशी धरते. आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, बीपीचं मशीन आणि थर्मामीटर त्यातच, डबा माजघरात फडताळावर. पेन वहीलाच दोऱ्याने बांधा, नाहीतर पोरं अभ्यासाला घेऊन जातात.