नापा व्हॅलीचा एक दिवस : आईबाबांना घेऊन कसा जमवायचा

नापाला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या वाइनच्या दरीत, जायचं ठरलं की बहुतेक जण आधी वायनरींची (वाइन बनवणाऱ्या ठिकाणांची) यादी काढतात, पाच-सहा नावं, सकाळी दहापासून टेस्टिंगवर टेस्टिंग, आणि तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत पहिल्या ठिकाणी काय प्यायलो ते कुणालाच आठवत नाही. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहते, कितीतरी पाहुण्यांना घेऊन गेलेय, आणि आता माझं ठाम मत झालंय की दिवसाला दोनच वायनरी घ्यायच्या, बाकी वेळ त्या दरीला द्यायचा. आणि भारतातून आईबाबा आलेत, ते घेत नाहीत, म्हणून नापा रद्द असं तर अजिबात करू नका.

आधी नकाशा डोक्यात बसवा. सॅन फ्रान्सिस्कोपासून नापा गाव साधारण ८० किलोमीटर. तिथून दरी वर उत्तरेला जाते, लांबी सुमारे ५० किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त आठेक, म्हणजे एवढं मोठं नाव पण जागा एखाद्या तालुक्याएवढीसुद्धा नाही. गावं ओळीने लागतात, नापा, यॉंटव्हिल, ओकव्हिल, रदरफर्ड, सेंट हेलेना आणि टोकाला कॅलिस्टोगा. रस्ते दोन, पश्चिमेला हायवे २९ आणि पूर्वेला सिल्व्हराडो ट्रेल, मध्ये त्यांना जोडणारे छोटे क्रॉस रोड. शनिवार-रविवारी २९ वर सेंट हेलेनाजवळ गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात, त्यामुळे येताना तरी सिल्व्हराडोनेच या, दोन्ही बाजूंना बागा आणि वर डोंगर, रस्ताच बघण्यासारखा आहे.

आता माझी खरी युक्ती. सकाळी थेट वर कॅलिस्टोगाला जायचं आणि दिवसभर खाली खाली यायचं. कारण दक्षिणेला सॅन पाब्लोचा उपसागर आहे, तिथलं धुकं रात्री दरीत शिरतं आणि सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं, म्हणून खालचा कार्नेरोस भाग थंड, तिथे पिनो न्वार आणि शार्डने या जातींची द्राक्षं, आणि वर जावं तसं ऊन वाढत जातं, तिथे कॅबर्ने सोव्हिन्यों. उन्हाळ्यात दुपारी कॅलिस्टोगा अक्षरशः भाजतं, वयस्कर माणसांना तिथे दुपारी नेऊ नका.

दोन वायनरी कुठल्या? पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी कॅलिस्टोगाची शातो माँटेलेना आणि परतताना सिल्व्हराडोवरची स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स सांगते, कारण या दोघींना एक गोष्ट जोडते. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये लेबलं झाकून वाइन चाखायची स्पर्धा झाली, परीक्षक फ्रेंच, समोर फ्रान्सच्या नामांकित बाटल्या, आणि पांढऱ्यात पहिली आली माँटेलेनाची १९७३ ची शार्डने, लालमध्ये स्टॅग्ज लीपची १९७३ ची कॅबर्ने. तोपर्यंत कॅलिफोर्नियाला वाइनच्या जगात कोण विचारत होतं! ही गोष्ट गाडीत आधीच सांगून ठेवा, म्हणजे न पिणारा माणूसही तिथे नुसता ताटकळत बसत नाही.

बुकिंग आधी करायचंच. १९९० नंतर परवाना मिळालेल्या वायनरींना काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) नियमाने अपॉइंटमेंट घेऊनच लोक घ्यावे लागतात. टेस्टिंग स्वस्त नाही, माणशी पन्नास डॉलर किंवा त्याहून जास्त धरून चाला, दोघांत एक घेतलेलं चालतं का ते आधी विचारा, लहान मुलं चालतात का तेही. प्यायला वय २१ पूर्ण हवं, आईबाबांचा पासपोर्ट जवळ ठेवा. गाडी चालवणाऱ्याने नुसतं चाखून समोरच्या भांड्यात टाकायचं, ते भांडं त्यासाठीच असतं, कुणी वाईट मानत नाही. आणि बुक करताना बागेत फिरवणारी टूर आहे का हे जरूर विचारा, माझ्या मते नुसत्या टेबलावरच्या टेस्टिंगपेक्षा तिला जास्त पैसे द्यावेत.

हे मी का म्हणते सांगते. बाबा निफाडकडचे, सगळी हयात द्राक्षबागेत गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांना घेऊन गेले तेव्हा एकाच घडात काही मणी हिरवे, काही जांभळे, असा रंग भरायचा काळ चालू होता. बाबा खाली बसले, खोडाला हात लावून खुंटावरचा कलमाचा जोड शोधला, ठिबकची नळी बघितली, आणि मग ओळीत जमिनीवर कापून टाकलेले घड दिसले तर एकदम गप्प झाले. दाखवणाऱ्या मुलीने समजावलं की रंगात मागे राहिलेले घड मुद्दाम काढतात, म्हणजे उरलेले एकसारखे पिकतात, आणि तोडणी रसातली साखर २४-२५ ब्रिक्सवर (म्हणजे साधारण तेवढे टक्के) गेल्यावर. बाबा म्हणाले, ‘आमची विरळणी मणी बारीक असतानाच होते, एवढं वाढवून टाकायचं म्हणजे जिवावर येतं गं.’ पुढचा अर्धा तास दोघं भुरी या बुरशीच्या रोगावर बोलत होते, मी मध्ये दुभाषी. इकडे उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतोच म्हणून डावणीचा, म्हणजे ओल्या हवेत वाढणाऱ्या दुसऱ्या रोगाचा, त्रास नाही, हे ऐकून त्यांनी जो सुस्कारा सोडला तो कुठल्याही बागायतदाराला कळेल. नाशिकचा आणि या भागाचा संबंध तसा जुना आहे, नाशिकची सुला वायनरी सुरू करताना राजीव सामंतांनी कॅलिफोर्नियातलेच वाइनमेकर केरी डॅमस्की यांना सोबत घेतलं होतं.

जेवणासाठी दोन वायनरींच्या मध्ये बोथे-नापा व्हॅली स्टेट पार्कला थांबा. रेडवूडच्या सावलीत टेबलं आहेत, घरचे थेपले, दहीभात निवांत खाता येतो, वायनरीत बाहेरचं खाणं सहसा चालत नाही. शेजारीच बेल ग्रिस्ट मिल, १८४६ ची पाणचक्की, ३६ फुटी लाकडी चाक, वीकेंडला दगडी जात्यावर दळण दाखवतात. आईला सगळ्या दिवसात हेच सगळ्यात आवडलं, ते पीठ तिने चिमटीत धरून चोळून बघितलं, जाडसर आहे म्हणाली.

कधी जायचं? फेब्रुवारीत वेली उघड्या आणि ओळींमधून पिवळीधमक मोहरी, गर्दी कमी, मला हा महिना सगळ्यात प्रिय आहे. तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, तेव्हा हवेत रसाचा वास असतो पण गर्दी आणि दरही चढलेले.

शेवटचं, बाटली घेतलीत तर डिकीत ठेवू नका, उन्हात तासाभरात वाइन खराब होऊ शकते. आइसबॉक्स न्या आणि बाटल्या पायाशी ठेवा. भारतात प्रत्येकी दोन लिटरपर्यंत ड्यूटी न भरता नेता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, चेक-इन बॅगेत कपड्यांत नीट गुंडाळून. बाबांनी स्वतःसाठी काहीच घेतलं नाही, पण गावातल्या एका मित्रासाठी एक कॅबर्ने घेतली, त्यानेही वाइनच्या द्राक्षांची बाग लावलीय म्हणून.